तोळाभर शिसं आणि एका प्राध्यापकाची लेखणी

सराफाकडचा जुना तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. इंग्रजांनी १८३३ मध्ये हे वजन पक्कं केलं, ते १८० ग्रेन धरून. अमेरिकेत बंदुकीची गोळी आजही ग्रेनमध्येच मोजतात आणि तिथल्या शिकाऱ्यांच्या हातात शंभराहून जास्त वर्षं असलेल्या .३०-०६ रायफलीची नेहमीची गोळी असते १८० ग्रेनची. म्हणजे बरोबर एक तोळा. हा निव्वळ योगायोग, पण तो ध्यानात आल्यापासून तिकडचा एक जुना वाद मला हातात धरून बघता यायला लागला. मोठं जनावर पाडायला तोळाभर किंवा त्याहून जड गोळी हवी, की पाऊण तोळ्याहूनही किंचित कमी वजनाची पण सुसाट जाणारी पुरते?

या प्रश्नावर दोन माणसं आयुष्यभर भांडली. दोघंही लेखक, दोघंही आयडाहो राज्यात राहणारे. एक जॅक ओकॉनर, हलक्या वेगवान गोळीच्या बाजूचे; दुसरे एल्मर कीथ, जड गोळीच्या बाजूचे. दुकानात कुठली रायफल मागायची हे अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्यांनी बऱ्याच अंशी या दोघांचं वाचून ठरवलं. मी स्वतः ओकॉनर यांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचं सगळंच पटतं म्हणून नव्हे. त्यांनी मांडलेलं गणित वाचकाला स्वतः करून बघता येतं, म्हणून.

आधी 'बंदुकांवर लिहिणारा' ही जमात काय असते ते बघू. आपल्याकडे क्रिकेटवर लिहिणारे आहेत, गाण्यावर आहेत, मिसळीवर तर गल्लोगल्ली आहेत, पण बंदुकीवर लिहिणारा सहसा भेटत नाही. ते साहजिकच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक किंवा एखादी बारा बोअर उरली, ती वानर-डुकरांसाठी. अमेरिकेत मात्र शिकार हा सर्वसामान्य माणसाचा, ठरावीक हंगामात, सरकारी परवान्यावर करायचा उद्योग आहे. नोव्हेंबरात तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना पेट्रोल पंपावर नारिंगी जाकिटं घातलेली माणसं दिसतात, ती हीच. बंदुका आणि काडतुसांवर एक केंद्रीय कर आहे, रायफलींवर ११ टक्के, आणि १९३७ च्या कायद्यानुसार तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो.

आता १९४५ च्या सुमाराचा एखाद्या छोट्या गावातला सुतार किंवा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. जन्मात एकदा रायफल घ्यायची, पैसे साठवलेले. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक रायफल सर्वोत्तमच असते. चार वेगवेगळ्या रायफली चालवून बघायची सोय नाही. मग उरतं ते दर महिन्याला टपालानं येणारं मासिक आणि त्यातला एक माणूस, ज्यानं त्या चारही रायफली डोंगरात नेऊन वापरल्यात. त्याच्या शब्दावर महिन्याभराची कमाई लावायची. लेखकाला एवढं वजन क्वचितच मिळतं.

ओकॉनर यांचा जन्म १९०२ चा, मेक्सिकोच्या सीमेला चिकटलेल्या नोगालेस गावचा. ॲरिझोना तेव्हा राज्यसुद्धा झालेलं नव्हतं. पुढे ते तूसॉनच्या विद्यापीठात इंग्रजी आणि पत्रकारिता शिकवत. कादंबऱ्याही छापून आल्या होत्या. १९४१ पासून 'आउटडोअर लाइफ' मासिकातलं बंदुकांचं सदर त्यांच्याकडे आलं आणि १९७२ पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. एकतीस वर्षं! बंदुकीवर लिहिणारे बहुतेक जण आधी बंदूकवाले आणि मग नाइलाजानं लेखक. हे उलटे होते. वाक्य कुठे थांबवायचं हे त्यांना कळत होतं आणि स्वतःच्या हुकलेल्या नेमावर हसायचंही वावडं नव्हतं.

त्यांचं नाव एका काडतुसाशी कायमचं जोडलं गेलं: .२७० विंचेस्टर, बोलीत 'टू-सेव्हंटी'. १९२५ मध्ये ते बाजारात आलं. ते काही ओकॉनर यांनी शोधलेलं नाही. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते.

या नावांच्या जंगलात नवा माणूस हमखास हरवतो, म्हणून दोन मिनिटं थांबू. .३०-०६ मधले ३० म्हणजे इंचाचे शंभरातले तीस भाग, गोळीची जाडी. ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकी सैन्यानं ते काडतूस स्वीकारलं ते वर्ष. पण .३०-३० मधले दुसरे ३० म्हणजे साल नाही, तर दारूचं वजन, ३० ग्रेन. आणि .२७० ची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंच जाडीची असते, कारण नाव देताना नळीतल्या आट्यांच्या उंचवट्यांमधलं अंतर धरलंय. आपल्या बारा बोअरची गोष्ट तर याहून न्यारी. त्या नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी ओतली, तर एका पौंडात तशा बारा होतात, म्हणून बारा बोअर. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. सरळ काही नावं ठेवायची नाहीत, असा या धंद्याचा पणच असावा.

तर .२७०. .३०-०६ चं पितळी कवच घेतलं, त्याची मान आवळून बारीक केली आणि त्यात १३० ग्रेनची हलकी गोळी बसवली. दारू जवळपास तेवढीच, ढकलायचं वजन कमी. मग गोळी वेगानं जाणारच. आजच्या कारखानी काडतुसात ती सेकंदाला सुमारे ९३० मीटर वेगानं नळीबाहेर पडते. .३०-०६ ची तोळ्याची गोळी साधारण ८२० नं. त्याहून जुनी, घरोघरी असलेली .३०-३० जेमतेम ६७० नं.

या वेगाचा उपयोग काय? जनावराला तो जास्त लागतो, असं पटकन वाटतं. ओकॉनर यांनी वाचकांना शिकवलेला मुद्दा मात्र वेगळाच आहे. वेगाचा पहिला फायदा जनावराच्या अंगावर नसून हवेत मिळतो.

गोळी नळीतून सुटली की त्याच क्षणापासून खाली पडायला लागते, हातातून निसटलेल्या आंब्यासारखीच. वेग कितीही असो, पृथ्वी तिला त्याच हिशेबानं ओढते. फरक पडतो तो वेळेत. अडीचशे मीटरवर पोचायला .२७० च्या गोळीला, हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर, पाव सेकंदाच्या किंचित वर लागतं. तेवढ्या वेळात ती सुमारे ३५ सेंटिमीटर खाली येते. .३०-३० च्या गोळीला त्याच अंतरासाठी एक तृतीयांश सेकंदाहून जास्त लागतं आणि ती ६८ सेंटिमीटर खाली येते. हवेचा अडथळा धरला तर दोन्ही आकडे वाढतात आणि संथ गोळीची अवस्था आणखी बिकट होते.

यावर उपाय सोपा वाटतो. नळी थोडी वर करा, पडण्याची भरपाई होईल. स्वप्नील कुसाळे हेच करतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या पोरानं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलीत कांस्य मिळवलं. त्या स्पर्धेतली .२२ ची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम एकवीस-बावीस गुंजा, आणि वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. पन्नास मीटरमध्येच ती अकरा-बारा सेंटिमीटर पडते. पण लक्ष्य दर वेळी तंतोतंत पन्नास मीटरवरच असतं. साइटचे खटके एकदा जुळवले की पडण्याचा प्रश्न मिटला.

जनावर मात्र मोजपट्टी घेऊन उभं राहत नाही. समोरच्या उतारावरचा रानमेंढा दोनशे मीटरवर आहे की दोनशे सत्तर? दरी मध्ये आली, ऊन मागून आलं, की डोळा फसतो. लेझरनं अंतर मोजायचं यंत्र तेव्हा शिकाऱ्याच्या खिशात नव्हतं. संथ गोळीच्या रायफलीत अंदाज पन्नास मीटरनं चुकला तर गोळी पायाखालून जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पोटात लागून जनावर जखमी होऊन पळतं. वेगवान गोळीचा मार्ग सपाट असतो, त्यामुळे तीच चूक तिच्यात खपून जाते.

ओकॉनर यांनी हे सगळं गणित वाचकाच्या गळ्यात न घालता एका ओळीत उतरवलं: शंभर यार्डांवर गोळी नेमापेक्षा तीन इंच वर लागेल अशी दुर्बीण लावा. बस. मग साधारण पावणेतीनशे यार्डांवर ती नेमकी नेमावर येते आणि त्यापुढेही थोड्या अंतरापर्यंत चार बोटांहून जास्त खाली जात नाही. छातीचा मधला भाग धरायचा आणि चाप दाबायचा, अंतराची चिंता नको. सुताराला, शेतकऱ्याला हे जमण्यासारखं होतं. सूत्र न सांगता सूत्राचं फळ हातात द्यायचं, ही प्राध्यापकी हातोटी मला त्यांच्या सगळ्या लिखाणात आवडते.

दुसरा मुद्दा धक्क्याचा. गोळी पुढे जाते तशी बंदूक मागे येते. जड गोळी, जास्त दारू, म्हणजे खांद्यावर मोठा दणका. .२७० च्या तुलनेत कीथ यांच्या आवडीच्या तऱ्हेची, जाड गोळीची आणि जास्त दारूची .३३८ मॅग्नम जवळपास दुप्पट जोरानं मागे येते. पुरुषी बढाईच्या या दुनियेत 'मला लागतो बुवा धक्का' असं म्हणायची सोय नसते. ओकॉनर म्हणत होते की बहुतेक माणसांना तो लागतोच, आणि ज्याला लागतो तो नेम चुकवतो. सहन होईल तेवढी रायफल घ्या, गोळी जागेवर लावा. लहान गोळी योग्य जागी लागलेली बरी, मोठी गोळी मांडीत लागून काय उपयोग.

हे मला पटायला पुस्तक लागलं नाही. कॉलेजात एनसीसीच्या फायरिंगला पहिल्यांदा .२२ हातात आली. तिला धक्का असा नसतोच. तरी माझ्या पाच गोळ्या कागदावर पाच दिशांना. उस्ताद शेजारी उकिडवे बसून बघत होते. मी कारण शोधत होतो: नळीच्या टोकावरची नेमाची माशी नीट दिसत नव्हती, कोपराखाली खडा होता. उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी काय केलं ते पुढे सांगतो.

आता कीथ यांची बाजू, कारण ती हलकी नव्हती. एल्मर कीथ यांचा जन्म १८९९ चा. लहानपणी आगीत भयंकर भाजले आणि त्यातून उठले. गुराखी, मग शिकाऱ्यांना डोंगरात नेणारे वाटाडे, आयडाहोतल्या सॅमन गावचे. पिस्तुलांच्या जगात त्यांचा शब्द आणखी मोठा. १९५५-५६ मध्ये आलेल्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरमागे त्यांची अनेक वर्षांची भुणभुण आणि प्रयोग होते. त्यांचं म्हणणं असं की उघड्या उतारावर आडव्या उभ्या मेंढ्याचं ठीक आहे, पण दाट झाडीत पाठ करून पळणारा एल्क, म्हणजे तीनशे किलोंच्या वरचं हरणाचं धूड, याला काय कराल? गोळीला मांडी, आतडी, सगळं फोडत छातीपर्यंत जायचं असतं. तिथे हलकी वेगवान गोळी फुटते, वाटेतच विरते. .२७० म्हणजे कोल्ह्या-कोयोटींसाठी ठीक, अशी त्यांची टिंगल सांगितली जाते.

आणि त्या काळापुरतं कीथ यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. शिकारी गोळी म्हणजे आत शिसं, वर तांब्याचं पातळ आवरण. शिसं मऊ, त्यामुळे आदळल्यावर ती छत्रीसारखी उघडते आणि जखम रुंद करते. पण वेग फार असेल आणि मध्ये जाड हाड आलं तर ती उघडत नाही, तिच्या ठिकऱ्या होतात. जॉन नॉस्लर नावाच्या गृहस्थांना १९४६ मध्ये कॅनडात मूस या अवाढव्य हरणाच्या शिकारीत हाच अनुभव आला. चिखलानं लडबडलेल्या जाड कातड्यावर त्यांच्या वेगवान गोळ्या आत शिरण्याआधीच फुटत होत्या. घरी येऊन त्यांनी गोळीच्या आत तांब्याची एक आडवी भिंत ठेवली. पुढचं शिसं उघडतं, भिंत त्याला अडवते, मागचा अर्धा भाग शाबूत राहून आत शिरत जातो. १९४८ पासून ती 'पार्टिशन' गोळी विकायला आली. माझ्या मते या वादाचा निकाल त्या भिंतीनं बराचसा लावून टाकला, वाद घालणाऱ्या दोघांना न विचारता. हलकी गोळी आता जड गोळीसारखी टिकत होती. तरीही भांडण पुढे तीस वर्षं चाललं, कारण तोवर ते गोळ्यांचं राहिलंच नव्हतं. एक पत्रकारितेचा प्राध्यापक, दुसरा खेचरांचा तांडा हाकलेला माणूस. एकमेकांच्या हुशारीवर दोघांचाही विश्वास नव्हता.

गंमत अशी की ओकॉनर यांना 'टू-सेव्हंटीवाले' म्हणून ओळखणाऱ्यांनी त्यांना पुरतं वाचलेलं नसतं. जगभर फिरून एकाच रायफलीवर भागवायचं तर .३०-०६ जास्त कामाची, असं ते सरळ लिहीत. आफ्रिकेत सिंहासमोर ते .३७५ घेऊन उभे राहिले, पाऊण तोळ्याची हट्टी टेक धरून नव्हे. त्यांची पत्नी एलेनॉर उत्तम नेमबाज होत्या, आणि त्यांची आवडती रायफल होती ७×५७, .२७० पेक्षाही सौम्य. हे जर्मन माउझरचं काडतूस इंग्लंडात गेलं आणि .२७५ रिग्बी झालं. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांनी जिम कॉर्बेट यांना जी रायफल भेट दिली, ती हीच .२७५ रिग्बी. आपल्याच जंगलात मोठी कामं बारीक नळीनं झालेली होती, ती अशी.

भारताचा विषय निघालाच आहे तर एक घास घशात अडकतो, तोही सांगायला हवा. ओकॉनर भारतात आले आणि वाघ मारून गेले. त्या वेळी ते कायदेशीर होतं, पैसे मोजून होतं, आपलेच लोक हाकारा घालत होते. तरी आज ताडोबात जिप्सीतून मान वाकडी करून वाघ बघणाऱ्या मराठी वाचकाला ती पानं भरभर उलटावीशी वाटतात. मी उलटतो.

लेखणीचा जोर कारखान्यापर्यंत कसा जातो, याचं उदाहरण विंचेस्टर या बंदूक कंपनीच्या मॉडेल ७० चं. १९३६ पासून बनणारी ही रायफल ओकॉनर यांच्या हातात कायम असे. स्पोकेनचे कारागीर अल बीझन यांनी अक्रोडाचा दस्ता घडवून दिलेली त्यांची .२७० आजही शौकिनांच्या बोलण्यात असते. १९६४ मध्ये खर्च कमी करायला कंपनीनं मॉडेल बदललं. काडतुसाच्या बुडाला सुरुवातीपासून घट्ट पकडून नळीत नेणारी पोलादी नखी काढली, दस्त्यावरची नक्षी हातानं कोरण्याऐवजी दाबून उठवली. ओकॉनर नाराज झाले, ग्राहक त्याहून नाराज. 'प्री-६४' हा शब्द तेव्हापासून जुन्या बाजारात रुजला, अगदी आपल्याकडे लोक 'जुनी बुलेट' म्हणताना जसा आवाज लावतात तसा. १९९० च्या दशकात कंपनीला ती नखी परत आणावी लागली. एकट्या ओकॉनर यांचं हे श्रेय नाही. पण नखी म्हणजे काय आणि ती का हवी, हे ओळखणारा ग्राहक तयार झाला होता, आणि त्याला घडवण्यात त्यांच्या सदराचा मोठा वाटा होता.

आज त्यांचा सपाट मार्गाचा युक्तिवाद निम्मा शिळा झालाय. लेझरचं यंत्र अंतर मीटरात सांगतं, दुर्बिणीवर त्या हिशेबानं चकती फिरवता येते, मग गोळी किती पडते याला फारसं महत्त्व उरत नाही. पडू दे, मोजून पडते. २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर हे नव्या पिढीचं लाडकं काडतूस .२७० पेक्षा संथ आहे. तरी .२७० दुकानातून गेलेली नाही. २०२५ मध्ये तिला शंभर वर्षं झाली. ओकॉनर १९७८ च्या जानेवारीत वारले, हवाईहून परतणाऱ्या जहाजावर, शहात्तरावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. लुइस्टन गावात त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे.

धक्क्याचा मुद्दा मात्र जराही शिळा झालेला नाही. एनसीसीच्या त्या मैदानावर उस्तादांनी माझ्या हातातली रायफल घेतली, माझ्याकडे पाठ करून बोल्ट उघडला, बंद केला आणि परत दिली. "शिस्त लो." म्हणजे नेम धर. मी माशी काळ्या ठिपक्याच्या बुडाशी टेकवली, दम रोखला, चाप दाबला. नुसतं टक् झालं. आत गोळीच नव्हती. पण नळी वीतभर खाली गेली होती आणि माझे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते.

"खडा अजून टोचतोय का?" उस्तादांनी विचारलं.